भेकरदांडची हजेरी

सहदेव म्हसे माणसाची पारख खांबावरून करायचा. ज्याला खांबावर चढता येत नाही तो साहेब. ज्याला येतं पण चढायचा कंटाळा येतो तो हरामखोर. आणि जो खाली सावलीत उभा राहून, मान वर करून, कागदावर 'खांब सुस्थितीत' असं लिहून सही ठोकतो, त्याच्यासाठी सहदेवकडे एक वेगळा शब्द होता. तो शब्द तो कडावच्या तिठ्यावर, चहाच्या टपरीत, आसपास बायामाणसं नाहीत हे बघून वापरायचा. या तिघांपैकी आपण कुणीच नाही याचा त्याला भयंकर अभिमान होता. तोंडाकडे पाहिलं की तो अभिमान कमी आणि आंबट ढेकर जास्त वाटायचा, पण तो भाग वेगळा.

टेलिफोन खात्यात रोजंदारीवर चर खणायला लागला तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. पुढे तो लाइनमन झाला. कर्जतपासून खालापूरपर्यंतच्या पट्ट्यात त्याने मिठी मारली नाही असा खांब उरला नाही. मग मोबाइल आले, घरोघरचे फोन आधी मुके झाले आणि नंतर त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल पडले. सहदेव वेळेआधीच निवृत्ती घेऊन घरी बसला. तीन वर्षं त्याने ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवली. कळंबच्या रिसॉर्टकडे जाणाऱ्या गाड्या, त्यातून बाहेर लोंबणाऱ्या पोरी, भाताच्या लावणीचे फोटो काढायला चिखलात उतरणारे आणि चिखल लागला म्हणून किंचाळणारे पाहुणे, भावाने शेताच्या बांधाला लावलेले निळे पाइप, यातलं काहीच त्याच्या नजरेतून सुटलं नाही. शेवटी त्याची बायको अंबाबाईच म्हणाली, "कुठंतरी जावा कामाला. माझं डोकं फिरलंय तुमचं ऐकून."

तो सह्यधारा नेटवर्क्स नावाच्या एजन्सीत लागला. एजन्सीचं ऑफिस खालापूरच्या फाट्यावर, टायरच्या दुकानाच्या माडीवर. काम असं की डोंगराच्या पायथ्याला आणि उतारावर ज्या सदतीस वाड्या आहेत त्या प्रत्येक वाडीत एक भोंगा लावायचा. भोंग्याखाली पत्र्याचा डबा, डब्यावर उन्हावर चालणारी पाटी. पाऊस ठरलेल्या खुणेपुढे गेला, दरडीचा धोका दिसला की ऑफिसातून संदेश सुटायचा आणि सदतीस भोंग्यांतून एकच आवाज यायचा: घरं सोडा, खाली शाळेत या. कागदावर योजना झकास होती. कागदावर सगळंच झकास असतं, असं सहदेव पहिल्याच दिवशी म्हणाला.

सगळे डबे त्याने आपल्या हाताने बसवले. खांद्यावर तारेचं भेंडोळं, हातात पक्कड, गुडघ्यात सणक आणि तोंडात शिव्या. सगळ्यात वाईट चढण भेकरदांडची. खालच्या ओढ्यापासून दीड तास अंगावर येणारा डोंगर आणि वर बावीस घरांची कातकरी वाडी. तिथला डबा भागीच्या झोपडीपाशी बसवला, कारण डबा मिळाल्याच्या कागदावर भागीनेच अंगठा दिला होता. भागी सत्तरीची, हाडांची मोळी, पण डोळा घारीचा. पुढच्या खेपेला सहदेव गेला तर वाडीतल्या पोरांनी डब्याची तार काढून तिला मोबाइल लावलेले.

"भागे, हा भोंगा तुमच्या जिवासाठी हाय गं, मोबाइलसाठी नाय," तो ओरडला.

"जीव हाय म्हून तर मोबाइल लावतो, दादा," भागी म्हणाली आणि त्याला पाण्याचा तांब्या दिला.

खाली उतरताना सहदेव ठरवून बसला की या लोकांना काही देण्यात अर्थ नाही. हे त्याने अंबाबाईला सांगितलं, टपरीवर सांगितलं, ऑफिसात तर चारचारदा सांगितलं.

ऑफिसात इंजिनिअर किरण होता. ठाण्याचा, सत्तावीस वर्षांचा, बुटाला चिखल लागला तर ओल्या रुमालाने पुसणारा. सहदेव त्याला तोंडावर 'किरणसाहेब' म्हणायचा आणि पाठीमागे 'रुमाल'. दिवाळीआधी, स्वच्छ उन्हात, पहिली चाचणी झाली. किरणने बटण दाबलं आणि सगळे घड्याळ लावून बसले. पहिली वाडी लगेच बोलली. दुसरी बोलली. दहावीपर्यंत चहा आला. शेवटची वाडी बोलली तेव्हा चौदा मिनिटं झाली होती, आणि तिच्यातूनही 'सर्व ग्रामस्थांनी ताबडतोब, सर्व ग्रामस्थांनी ताबडतोब' एवढंच येत राहिलं. ताबडतोब काय करायचं ते वाटेत कुठेतरी गळालं होतं.

"दरड चौदा मिनिटं थांबंल ना, साहेब?" सहदेवने विचारलं. "तिला तसं लेखी कळवू."

किरणचं तोंड उतरलं. त्याने कारण शोधलं. ऑफिसातून टेकडीवरच्या मनोऱ्याला जाणारी वाट अरुंद होती आणि तिच्यातून एकच संदेश सदतीस वेळा पाठवला जात होता. प्रत्येक वाडीसाठी वेगळी प्रत. सदतीस प्रती एकमेकींच्या पायात पाय घालून चालल्या होत्या. किरण म्हणाला, वाट रुंद करावी लागेल, त्यासाठी मोठी यंत्रं मागवावी लागतील.

सहदेवला हसू आवरेना. "माझा चुलता गेला तेव्हा बावीस गावांना सांगावा द्यायचा व्हता. आमच्या आज्यानं काय बावीस माणसं सोडली? तीन सोडली. तीन रस्ते, तीन माणसं. जिथं रस्त्याला फाटा फुटंल तिथल्या पयल्या घरात सांगायचं. मग त्या घरातला माणूस एका फाट्यानं जायचा, आपला दुसऱ्यानं. एका रस्त्यावरनं एकच सांगावा. फुटायचा तो फाट्यावरच. दुपारच्या आत बावीस गावची माणसं दारात हजर."

 किरणने कपाळावर हात मारला. "काका, हे तर मल्टिकास्ट! कॉलेजात शिकलोय मी हे!"

"मग इतके दिवस काय करत व्हता?" सहदेव म्हणाला.

पुढचे दोन महिने मात्र बरे गेले, हे कबूल करायला हवं. किरणने संगणकावर झाड काढलं. खोड म्हणजे मनोऱ्याची वाट, फांद्या म्हणजे डोंगराच्या सोंडा, आणि जिथे फांदी फुटते तिथे एक पेटी. संदेश खोडातून एकदाच जायचा, पेटीपाशी आला की पेटी त्याच्या जरूर तेवढ्या प्रती करायची. प्रत्येक वाडीला तिची स्वतःची जवळची वाट दिली तर फांद्या वाढतात. त्यापेक्षा एखादी वाडी थोड्या वळशाने जोडली आणि चार वाड्यांना एकच फांदी दिली तर एकूण वाट कमी लागते, हे किरणने आकडे मांडून दाखवलं. सहदेवला ते पटलं. एवढंच नव्हे, त्याने किरणची एक घोडचूक पकडली. किरणच्या संगणकाने सगळ्यात मोठी फांदी सागाच्या रानावरून नेली होती.

"आता साग उघडा हाय," सहदेव म्हणाला. "पावसाळ्यात त्याला सुपाएवढी पानं येतात. त्यातनं तुमचा आवाज जायचा नाय. आणि भोंगा लागतो तो पावसाळ्यातच."

फांदी हलवली. पुढच्या चाचणीत शेवटची वाडी चाळीस सेकंदांत बोलली, आणि पूर्ण वाक्य बोलली. किरणने तो अहवाल पुण्याच्या मुख्य ऑफिसला धाडला. अहवालात सहदेवचं नाव नव्हतं, त्याच्या आज्याचं तर नव्हतंच. सहदेवने आपलं नाव कुणीतरी घेईल म्हणून वाट पाहिली आणि मग अख्खा पौष महिना त्यावर तोंडसुख घेतलं.

पुण्याला चाळीस सेकंद पुरेनात. ज्यांनी आयुष्यात दरड बघितली नाही त्यांना वीस हवे होते. किरण पुन्हा बसला. आता अडथळा होता हजेरीचा. प्रत्येक डबा दर मिनिटाला फाट्यावरच्या पेटीला 'मी हजर' असं कळवायचा, आणि जो हजर नाही त्याला पेटी प्रत पाठवायची नाही. पण एखादा डबा मधेच बंद झाला आणि परत चालू झाला की झाडाची सगळी मांडणी पुन्हा व्हायची आणि त्या गडबडीत संदेश अडकून बसायचा. वाड्यांतले डबे तर रोज बंदचालू होणार. किरणने तोड काढली. हजेरीच बंद. कोण जिवंत, कोण मेलेलं, हे एकदाच प्रत्यक्ष बघून यादी पक्की करायची, यादीबाहेरच्या फांद्या छाटायच्या आणि पेट्यांना कुलूप. मग कुणी कितीही 'हजर, हजर' ओरडलं तरी पेटी ऐकणार नाही.

प्रत्यक्ष बघायचं काम अर्थात सहदेवकडे आलं. माघातलं ऊन होतं. नमुन्यात वाडीच्या नावापुढे तीन रकाने: डबा चालू, डबा बंद, वस्ती नाही. 'बंद' लिहिलं तर वर जाऊन दुरुस्ती करणं आलं. 'वस्ती नाही' लिहिलं की प्रश्न मिटला. तीन ठिकाणी ते खरंच होतं. दोन वाड्या खाली रस्त्याला येऊन वसल्या होत्या आणि एका जागी कागदावर वाडी होती म्हणून डबा लावलेला, प्रत्यक्षात नुसती पडकी चौकी होती.

भेकरदांडच्या ओढ्याला तो पोचला तेव्हा दुपार झाली होती. त्या दिवशी त्याच्या पाच वाड्या झाल्या होत्या आणि उजवा गुडघा बोलायला लागला होता. तो दगडावर बसला. फडकं सोडलं, भाकरी आणि सुकटाची चटणी काढली आणि खाता खाता वर पाहिलं. वाडीवर धूर नव्हता. कसा असणार? दिवाळी झाली की भेकरदांडची माणसं विटांच्या आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती आखाजीनंतर पावसाच्या तोंडावर परततात. जाताना मागे राहणारी चीजवस्तू चोरीला जाऊ नये म्हणून तुसात पुरून ठेवतात, यंदा तार काढून डबाही. ही गोष्ट बाजारात कोथिंबीर विकणाऱ्यालाही ठाऊक असते. सहदेवला तर ती त्यांची नावं घेऊन ठाऊक होती.

वरून कुणीतरी हाळी घातल्यासारखं वाटलं. गुराखी असेल, म्हणून त्याने वर बघितलं नाही. सरकार डबा देतं, हे तुसात पुरतात. मी गुडघे फोडून वर जायचं आणि बंद दारं बघून यायची? त्याने मांडीवर कागद ठेवला, 'भेकरदांड'पुढे 'वस्ती नाही' लिहिलं, बोटाची चटणी चाटून पुसली आणि सही ठोकली.

जेठात ऑफिसला पुण्याहून ढाल आली. पितळी, लाकडाच्या पाटीवर बसवलेली. अठरा सेकंद! किरणने केक कापला. खालचा टायरवाला वर येऊन फुकट टाळ्या वाजवून गेला. भिंतीवर झाडाचा नवा नकाशा लावला होता, तेहतीस पानांचा, एकेका वाडीचं एकेक पान. सहदेव केकचा तुकडा हातात धरून नकाशापाशी गेला आणि नेहमीच्या सवयीने चूक शोधायला लागला. जांभूळटेपाचं पान होतं. त्याच्यासमोर, दरीच्या पलीकडे, भेकरदांडचं असायला हवं होतं. तिथे कोरी भिंत होती.

त्याने केकचा तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. भट्टीवरची माणसं महिन्यापूर्वीच परतली होती. त्याने स्वतः त्यांना टेंपोतून उतरताना कुंभिवलीला पाहिलं होतं. डोक्यावर भांडी, कडेला पोरं, दोरीला शेळी.

चार दिवसांनी, बाकीचं कुणी नाही असं बघून, त्याने किरणकडे विषय काढला. "त्या भेकरदांडवर माणसं आलेली दिसतात. टाका की यादीत."

"तुम्हीच लिहिलंय वस्ती नाही." किरणने कागद काढला. चटणीचा डागही त्यावर होता. "काका, कुलूप उघडायचं तर मला कारण दाखवावं लागतं. तुम्ही एक ओळ लिहून द्या. भेकरदांडचं सर्वेक्षण चुकीचं झालं, आणि खाली सही. दहा मिनिटांत जोडतो. अठराचे एकोणीस सेकंद होतील, झाले तर झाले."

म्हणजे रुमालसुद्धा एक सेकंद सोडायला तयार होता. सहदेवने कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "देतो उद्या."

तो उद्या महिनाभर आला नाही. एका ओळीसाठी सहदेवने काय काय केलं नाही! एकदा पेन सुकलं. एकदा गुडघा दुखला. मग त्याच्या मनाने किरणचेच दोष मोजायला घेतले. हजेरी बंद करायची अक्कल कुणाची? कुलपाची अक्कल कुणाची? आणि लिहून द्यायचं सहदेवने? तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाने? उद्या टपरीवर कळलं असतं की म्हसे खाली बसून कागद भरतो, तर त्याचाच तो वेगळा शब्द त्याच्या पाठीमागे फिरला असता. भेकरदांडच्या बावीस घरांपेक्षा त्याला त्या एका शब्दाची भीती जास्त वाटत होती. हे लिहायला मलाही लाज वाटते, पण तसंच होतं.

एकदा कुंभिवलीला हमरस्त्याच्या कडेला भागी शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेली दिसली. तो रस्ता ओलांडायच्या बेतात होता, तेवढ्यात तिने हाक मारली. "दादा, आमचा हिरवा दिवा लागतो, पन भोंगा एकदा बी बोलला नाय. समोर जांभूळटेपाचा दर सोमवारी बोलतो. आमचा का मुका?"

"दिवा लागतो ना? मग बोलंल येळ आली की," सहदेव म्हणाला.

हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की डब्यात वीज आहे. डबा दिवसरात्र 'हजर, हजर' म्हणत होता आणि फाट्यावरची पेटी ठार बहिरी होती, हे भागीला कुठून ठाऊक असणार? तिने त्याला शेवळांची एक जुडी दिली. अंबाबाईने भाजी चांगली केली होती, तरी सहदेवने ताट तसंच बाजूला सारलं.

आषाढात चार दिवस पाऊस थांबलाच नाही. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सहदेव पायथ्याच्या गावातल्या शाळेच्या गच्चीवर होता. फाट्याची पेटी तिथेच होती आणि तिच्या झाकणातून पाणी जातंय का ते तो बघत होता. एवढ्यात पेटीतले दिवे लुकलुकले आणि डोंगर बोलायला लागला. जांभूळटेप बोललं. त्याच्या खालची वाडी बोलली. डाव्या सोंडेवरची तिन्ही बोलली. घरं सोडा, खाली शाळेत या. शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. सागाला पानं आली होती आणि आवाज त्यांच्या बाजूने, सहदेवने दाखवलेल्या वाटेने, बिनबोभाट चालला होता. किरणने अठरा म्हटलं होतं, सतरातच झालं असावं.

फक्त भेकरदांडवर ढग बसला होता आणि त्या ढगातून काहीच येत नव्हतं.

सहदेव गच्चीवरून कसा उतरला ते त्याला आठवत नाही. त्याने किरणला फोन लावला. "जोड, आत्ता जोड, लिवून देतो!" तो ओरडला. पलीकडून किरण म्हणत होता की संदेश सुटल्यावर यादी उघडता येत नाही, तासभर तरी नाही. सहदेवने फोन खिशात कोंबला आणि ओढ्याकडे निघाला. साठीला टेकलेला माणूस, एक गुडघा निकामी, पायवाटेचा ओहोळ झालेला. तो पळत नव्हता, घसरत होता. आणि त्या चिखलात त्याला कोण आठवावं? त्याचा आजा. सांगाव्याची गोष्ट त्याने किरणला सांगितली होती, पण अर्धीच. सांगावा घेऊन गेलेल्याला घर बंद दिसलं तर तो तसाच पुढे जात नसे. दाराच्या कडीत हिरवी डहाळी खोचायची, म्हणजे घरचा माणूस परतला की शेजारी विचारायला जातो. हे आज्याने त्याला बोट धरून शिकवलं होतं. दुसऱ्याला अक्कल शिकवताना एवढंच तो सांगायचा विसरला होता.

ओढ्याला दोरी बांधलेली होती. त्याला कळेना की ती कुणी बांधली. मग समोरच्या पावसातून माणसं दिसायला लागली. एकामागून एक, दोरी धरून. डोक्यावर भांडी, कडेला पोरं. एकाच्या खांद्यावर म्हातारा. शेवटी शेळीची दोरी मनगटाला गुंडाळलेली भागी, तिच्या काखेत खताच्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं काहीतरी.

"कुणी सांगितलं तुमाला?" सहदेवने विचारलं. त्याला दम लागला होता.

"जांभूळटेपावरनं जैतूनं हाळी दिली," भागीचा मुलगा नागू म्हणाला. "आमी पुढं करवंदीच्या माळाला दिली, मग निगालो."

"करवंदीच्या माळावर कुणी राहतं का आता?"

"नाय ना. पन हाळी आली की पुढं द्यायची. असंल कुनी तर ऐकंल."

 अठरा सेकंदांच्या झाडाने जी वाडी वगळली तिला दरीपलीकडच्या एका माणसाने छातीच्या जोरावर सांगितलं होतं, आणि तिने ते पुढच्या ओसाड माळालाही सांगितलं होतं, यादी न बघता.

शाळेच्या व्हरांड्यात सगळे बसले. कोणी डोकी पुसत होतं, कोणी शेळ्यांचे पाय. डोंगर त्या दिवशी हलला नाही. हलला असता तर चौकशी झाली असती. हलला नाही म्हणून पुण्याला 'शंभर टक्के वस्त्यांना सूचना' असा अहवाल गेला आणि ढाल भिंतीवर राहिली. यादीतल्या तेहतीसचे तेहतीस बोलले होते, त्यामुळे हिशेब अगदी बिनचूक होता.

भागीने पिशवी सोडली. आत डबा होता. अंगठा दिला होता ना तिने, म्हणून तो पाण्यात टाकून येणं तिला बरं वाटलं नव्हतं. त्याचा हिरवा दिवा अजून लागलेला होता. तिने डबा सहदेवसमोर फरशीवर ठेवला. आजवर ती त्याला 'दादा, तुमी' म्हणायची. आज ती सरळ 'तू'वर आली.

"थंडीत आला व्हतास तू. वड्याला. मी येकटीच व्हते वर, कोंबड्या राखायला. वरनं बघितलं तुला. हाळी बी घातली, म्हनलं वर ये, पानी पी. तू भाकर खाल्लीस, कागदावर लिवलंस आन गेलास. वर बघितलंस बी नाय. काय लिवलं व्हतंस रं?"

 सहदेवला खोटं सुचेना. तीस वर्षांत त्याने हजार जणांची लबाडी पकडली होती, पण स्वतःची लबाडी कशी करायची याचा त्याला सराव नव्हता.

"वस्ती नाय, असं लिवलं," तो म्हणाला.

भागीने मान हलवली. तिला राग आला नाही, निदान दिसला नाही. एखाद्या कामातून गेलेल्या माणसाकडे बघतात तसं तिने त्याच्याकडे बघितलं, आणि ती नजर सहदेव चांगली ओळखत होता. आयुष्यभर त्याने ती दुसऱ्यांवर वापरली होती.

त्याने खिशातून तो महिन्यापूर्वीचा कोरा कागद काढला. घडीवर भिजला होता, मध्ये कोरडा होता. शाळेच्या बाकावर ठेवून त्याने लिहिलं. झड कागदावर येऊ नये म्हणून नागूने छत्री आडवी धरली.

"काय लिवलंस?" भागीने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं. "भेकरदांडचं सर्वेक्षण चुकीचं झालं."

"चुकलं कुठं?" भागी म्हणाली. "चुकायला वर यावं लागतं. तू आलाच नव्हतास. तसं लिव."

सहदेवने 'चुकीचं झालं' खोडून 'झालंच नाही' केलं आणि त्याच्यापुढे लिहिलं, 'मी वर चढलो नव्हतो.' मग खाली सही केली.